एकच मशीन

जीवन अमरावतीला राहायचा आणि त्याची बायको रूपाली नोकरीपायी आठवडाभर अकोल्याला. रोज संध्याकाळी तो घरच्या टीव्हीला जोडलेल्या गेमच्या मशीनवर बसायचा, ती तिकडे खोलीवर हातात धरून खेळायचं छोटं मशीन काढायची, आणि दोघांची ऑनलाइन कार रेस रंगायची. पण जीवन वैतागला होता. प्रत्येक गेम दोनदा विकत घ्या, दोन-दोन चार्जर सांभाळा, आणि एकावर जिंकलेलं दुसऱ्यावर दिसतच नाही!

शेवटी त्याने दोन्ही मशीन विकून टाकली आणि टीव्हीलाही लागणारं, हातातही चालणारं एकच नवं मशीन आणलं.

"आता कटकटच नाही," सोमवारी सकाळी बसस्टँडवर ते रूपालीच्या बॅगेत ठेवत तो म्हणाला. "तूच घेऊन जाय. घरच्यासारखंच चालते तिकडंबी."

संध्याकाळी तिचा फोन आला. "अवो, कवाची वाट पाहून राहिली मी. तुमी ऑनलाइन काहून येऊन नाही राहिले?"

जीवन दहा मिनिटांपासून टीव्हीसमोर बसून स्वतःवरच चडफडत होता.



"येतो वं. पण कायच्यावर येऊ?"