शिवेपार फेकलेल्या अळ्या

धुई अशी दाट का हात लांबवला तं बोटं गायब. त्या धुईत अंजनाबाईच्या सोयाबीनमंधी एक माणूस फिरून राह्यला होता. कमरेवर टोपली, अन् मूठमूठ काईतरी पेरत चाललेला. पायाचा आवाज नाई. बाईले वाटलं, मेलेला नवराच आला वावर पाहाले. ती बोललीच नाई. बोललं का विरून जाईन, असं वाटलं तिले.

माणूस जवळ आला. लटारू होता, तिचा लहाना दीर, शिवेपारच्या वावराचा धनी. दोन वावरांमधला बांध, धुरा, कोरण्यावरून भांडण झालं तवापासून दोघाईत बोलणं नव्हतं.

टोपलीत अळ्या होत्या. मेलेल्या, पांढऱ्याफट, खडूवानी ताठ. अशा अळ्या बाईनं आधी पाह्यल्या होत्या.

अळीनं तिच्या सोयाबीनची चाळणी केली, तवा कृषीवाल्या मॅडमनं तिले बुरशीची भुकटी देली होती. तिनं फवारली. अळ्या आपल्या खातच राह्यल्या. मंग पोळ्याच्या सुमारास काई अळ्या शेंड्यावर चढल्या अन् तिथंच पांढऱ्या पडल्या. जसं कोणी झोपेत येऊन पिठी शिंपून गेलं. बाई भेली. म्हणे हा कोणता नवा रोग आला बापा. पोळ्याच्या दुसऱ्या दिशी सारं गाव मारबतीच्या पुतळ्यासंग आपली रोगराई शिवेबाहीर टाकून येते. तिनंही पांढरी अळी न् अळी वेचली अन् 'घेऊन जाय गे मारबत' म्हणत शिवेपार भिरकावली. नेमकी लटारूच्या वावरात. भिरकावताना त्याचं नावही घेतलं, हळूच.

तवापासून तिच्या वावरात पानाच्या शिराच उरल्या होत्या. आता कवळ्या शेंगेले तोंड लागलं होतं. शेंग गेली का वर्ष गेलं.

"काऊन टाकून राह्यला रे माह्या वावरात?"

"दवाई आहे वहिनी. मेल्या अळीवरची बुरशी उडते अन् जित्या अळीले धरते. माह्याकडं अशीच पसरली. अळी मेलीच मंग. तुह्याकडं अजून जित्या लय आहेत."

धुई जराशी फाटली. पलीकडं लटारूचं सोयाबीन दिसलं, हिरवंगार, सपनातल्यावानी. बाईनं मान खाली घातली. घरात आलेली दवाई तिनं आपल्या हातानं वेचून फेकली होती.

"मंग चोरावानी काऊन आला? हाक द्याची होती."

लटारूनं उरलेली टोपली तिच्या हाती देली.

"हाक देली असती तं कुठून आल्या तेही बोला लागलं असतं. त्या दिशी मी डुकराच्या राखणीले मचाणावरच होतो, वहिनी. माह्यं नाव आलं होतं आइकू."