काचेवरचे थेंब

खडकीहून बसने येताना चंद्रभागाबाईंनी लेकीला बजावलं होतं, “तिथं ओळख दाखवू नकोस.” मैत्रिणी कॉम्प्युटरच्या क्लासला गेल्या, पण बी.एस्सी.च्या दीपालीची उन्हाळी संशोधनासाठी निवड झाली होती, तीही, आई वीस वर्षं काचसामान धूत होती त्याच रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी आल्याआल्या निवड झालेल्या आठही विद्यार्थ्यांना सांगितलं, “आपापलं काचसामान आपणच धुवायचं. स्वच्छ काचेवर पाणी सलग पसरतं, थेंब राहत नाहीत. या बाईंनी पास केल्याशिवाय फ्लास्कमध्ये काहीही ओतायचं नाही.” दीपाली पटकन म्हणाली, “मॅडम, ही माझी आई.” चंद्रभागाबाई कोरडेच हात पदराला पुसत राहिल्या. दुपारी बेसिनपाशी फ्लास्क घेऊन मुलांची रांग लागली, सर्वांत पुढे दीपाली. बाईंनी तिचा फ्लास्क उजेडात धरला, सावकाश फिरवला आणि सगळ्यांदेखत परत केला. “दोन थेंब राहिलेत,” त्या ऐटीत म्हणाल्या, “पुन्हा धू.”