गवऱ्यांखालचा तट

गावाच्या जुन्या तटाची पाहणी करायला बुलढाण्याहून आलेले साहेब बुरुजापाशी थबकले. अंजनाबाई तटावर गवऱ्या थापत होती. तिची वर्षभराची चूल त्यांच्यावरच पेटायची.

"बाई, चारशे वर्षांचा ठेवा आहे हा. आजपासून इथं शेण बंद."

"काऊन?" तिचा हात काही थांबला नाही. "बाकीचा तट कुठी गेला, ते इचारा आधी. आर्धा सरपंचाच्या जोत्यात, आर्धा तुम्ही आत्ता चहा पेले त्या ओट्यात. माह्या शेनाले हात लावाची कोनाची हिंमत झाली नाही, म्हनून इतका तरी उरला."

साहेबांनी टेप लावला. उभा तट नेमका गवऱ्यांएवढाच भरला.

अहवालातल्या 'संरक्षणाची सध्याची व्यवस्था' या रकान्यात त्यांनी लिहिलं:

शेणाच्या गवऱ्या. पुढेही चालू ठेवाव्यात.