भोंग्यातला बाबा

फादर पास्कोल ग्रामोफोन बैलगाडीत घालून दोंडाईच्याच्या आसपासची खेडी फिरत. त्याच्या भोंग्यापायी माणसं जमत, आणि हल्ली त्या भोंग्याचाच त्यांना हेवा वाटू लागला होता. आज तबकडी संपली आणि ते स्वतः बोलायला उभे राहिले, तर बाया उठायलाच लागल्या.

"बाबा, तू बठ," वच्छलाबाई म्हणाली. "भोंगामधला बाबाले परत बोलू दे. तो कितलं गोड बोलस!"

फादरना मिरची झोंबली. "अक्का, हरवलेला पोरगा घरी येतो, हीच गोष्ट तोही सांगतो आणि मीही सांगतो."

"पन पोऱ्याले देखीसन बाप धावत जास ना, तठे तेना गळा भरी येस. तू तठे घड्याळ देखस."

बाया खुदखुदल्या. फादरनी ग्रामोफोनला पुन्हा चावी दिली. खरखरत्या तबकडीतला बाप धावत निघाला, आवाज कापरा झाला, वच्छलाबाईने डोळ्यांना पदर लावला.

फादर खाली मान घालून ऐकत राहिले. या मुलखात नवे आले होते, तेव्हा मुंबईला जाऊन ही तबकडी त्यांनीच आपल्या आवाजात भरली होती; आणि नेमकं याच वाक्याला त्यांना खरंच रडू आलं होतं.