ग्लोव्ह्ज चढवल्यावर

बॉक्सिंगचे प्रशिक्षक गिरमे सरांनी नेहमीच्या सवयीने सुमेधला ग्लोव्ह्ज चढवले आणि नाड्या करकचून बांधल्या. निरीक्षकाने नाड्यांवर चिकटपट्टी लावून तिच्यावर सही केली. "लढत संपेपर्यंत ही पट्टी निघता कामा नये," असं बजावून तो दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

मग सरांनी बॅगेतून करार काढला. "पुढची पाच वर्षं तू जे जिंकशील त्यातलं निम्मं माझं. सही कर, नाहीतर आज रिंगच्या कोपऱ्यात तुझी पाण्याची बादली घेऊन मी उभा राहणार नाही. बघू मग कसा लढतोस." त्यांनी पेन पुढे केलं.

सुमेधने आधी पेनाकडे पाहिलं, मग आपल्या लाल ग्लोव्ह्जकडे.

"कशाने करू, सर?"

तेव्हा कुठे सरांच्या लक्षात आलं. त्यांनी झटक्यात कात्री उचलली.

"कापा." सुमेधने हात पुढे केले. "पण कशासाठी कापली, ते बाहेरच्या साहेबांना तुम्हीच सांगा."

कात्री पट्टीला टेकली आणि तिथेच थांबली. बाहेर सुमेधच्या नावाचा पुकारा झाला.

"लढत झाल्यावर करशील ना?" सरांचा आवाज एकदम उतरला. "अरे, मी घडवलंय तुला. करशील ना?"

सुमेधने नुसतं तोंड उघडलं. सरांचा हात त्याच जुन्या सवयीने पुढे झाला आणि त्यांनी दातांचं कवच त्याच्या तोंडात बसवलं.

आता बोलायची सोयच नव्हती. सुमेध रिंगकडे निघाला. थोड्या वेळाने त्याच्यामागे बादलीची कडी वाजली.