आम्ही भरू

बोलकी शौचासने बनवणाऱ्या एका कंपनीने ओसाकातील बँकेकडे कर्ज मागितले. तिच्या पालक कंपनीने मात्र हमी न देता नुसते दिलासापत्र धाडले: कर्ज फिटावे, ही आमची मनःपूर्वक इच्छा आहे.

“इच्छा तर माझीही आहे!” बँकेचे कुवाबारा कडाडले. “तिनं बुडवलं तर तुम्ही भरणार का, ते लिहा.”

“कुवाबारा-सान, लेकीसाठी बापाकडे कोणी जामीन मागतं का?” पालक कंपनीचे वित्तप्रमुख निशिवाकी कळवळले.

“बाप हात झटकतो, तेव्हा मागतात!”

अखेर ‘आम्ही भरू’ या वाक्याखाली निशिवाकींनी शिक्का उमटवला. बँक प्रसन्न झाली, आणि पन्नाशी गाठलेल्या अधिकाऱ्याला ग्राहक कंपनीत मोठे पद मिळवून देण्याच्या रिवाजाप्रमाणे तिने कुवाबारांना निवृत्त निशिवाकींच्या खुर्चीवर बसवले. वर्षभरात शौचासने बुडाली आणि बँकेची मागणी त्यांच्याच मेजावर येऊन पडली. पैसे भरावे, तर खुर्ची जाणार होती.



कुवाबारांनी बँकेला सविनय उत्तर लिहिले: “ते वाक्य आपल्या कुवाबारा नामक अधिकाऱ्याने आमच्याकडून दमदाटीने लिहवून घेतले असून, त्या गृहस्थाची कसून चौकशी व्हावी, ही विनंती.”