उभं नऊ, आडवं दहा

“हे आमचे हे नव्हेत,” आजी म्हणाल्या आणि मोठा करून घेतलेला फोटो त्यांनी काउंटरवरून परत सरकवला.

धाकटीने तो उचलून उजेडात धरला. स्टुडिओ दोघा भावंडांचा. दादा फोटो काढायचा आणि ती संगणकावर ते नीटनेटके करायची. पंचेचाळिशी उलटली तरी सगळ्यांची ती धाकटीच होती. बावीस वर्षं चेहरे दुरुस्त केलेली बाई, कुठे केसभर कमीजास्त झालं तर तिला लांबून कळायचं. या फोटोत तिला काही खटकेना. डाग गेले होते, सुरकुत्या जागच्या जागी होत्या, कोटाची कॉलर सरळ होती.

“तुम्ही दिलेल्या छोट्या फोटोवरूनच केलाय, आजी. धूळ काढली आणि चेहरा जरा आत घेतला, बस. तो पसरट येत होता.”

“पसरट नव्हता, भरलेला होता. यात गाल कुठेत? हे शेवटच्या वर्षातले दिसतात. ते वर्ष मी रोज उशाशी बसून बघितलंय, ते मला भिंतीवर नको. त्यापेक्षा भिंत रिकामी राहू दे.”

आजी भांडायला आल्या नव्हत्या, सांगायला आल्या होत्या, म्हणून ते धाकटीला जास्त लागलं.

“प्रिंटर बिघडला असेल,” दादा आतून म्हणाला. “आजच माणूस बोलावतो.”

“बिचाऱ्या प्रिंटरला नावं ठेवू नकोस. बसा आजी. तुमचे हे घेऊनच जा.”

ती आपल्या खुर्चीत बसली, फाइल उघडली आणि कागद पडद्याशेजारी धरला. पडद्यावरचा माणूस चांगला गोल चेहऱ्याचा होता. कागदावरचा त्याचाच आजारी भाऊ वाटत होता.

“माझा डोळा चुकत नाही,” ती स्वतःशीच, पण सगळ्यांना ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाली. “हात तर नाहीच नाही. मधल्या मधे कोणीतरी लबाडी करतंय.”

मग तिला गेला आठवडा आठवला. सोमवारपासून स्टुडिओतून बाहेर पडलेला प्रत्येक माणूस सडसडीत होऊन गेला होता. एकानेही तक्रार केली नव्हती. उलट एका बाईंनी तर चार प्रती जास्त मागून नेल्या होत्या, आणि धाकटीने ती आपल्या हाताची तारीफ समजून दिवसभर मिरवली होती. हा रुंद पडदाही सोमवारीच आला होता.

तिने एक कोरं पान उघडलं आणि त्यावर वर्तुळ काढलं. टेबलावरची स्टीलची पट्टी घेतली आणि शिंप्याने माप घ्यावं तसं पडद्यावरच्या वर्तुळाचं माप घेतलं.

“उभं नऊ,” ती म्हणाली. पट्टी आडवी केली. “आडवं दहा.”

“म्हणजे?” दादाने विचारलं.

“म्हणजे हे वर्तुळ नाही, बटाटा आहे. नवा पडदा जोडलास तेव्हा रिझोल्यूशनचा आकडा काय घातलास?”

“जुन्याला होता तोच. चौदाशे चाळीस बाय नऊशे. चालतंय त्यात उगाच कशाला हात घाला? अक्षरंही छान मोठी दिसत होती.”

“अक्षरं मोठी दिसत होती आणि माणसं जाडी. अरे, जुना पडदा उंच होता, हा रुंद आहे. त्याचे कपडे याला घातलेस, ते आडवे ताणले गेले. मी आपली प्रत्येकाला पसरट समजून आत ओढत बसले. कागदावर ताण येत नाही, तिथे नुसती माझी ओढ उरली.”

सेटिंगमध्ये आकड्यांची यादी होती. पडद्याचा स्वतःचा आकडा त्यात सगळ्यात वर होता, एकोणीसशे वीस बाय एक हजार ऐंशी. तिने तो निवडला. पडदा क्षणभर काळा झाला आणि परत आला तेव्हा अक्षरं मुंगीएवढी झाली होती.

“मला आता वाचायला चष्मा लागणार,” दादा कुरकुरला.

“लाव मग.” तिने पुन्हा पट्टी धरली. उभं साडेसात. आडवंही साडेसात. तिने मान हलवली, जशी ती काम मनासारखं झाल्यावरच हलवायची.

“म्हणजे त्या चार प्रतीवाल्या बाईंनाही...” दादा चाचरत म्हणाला.

“फोन कर. आठवड्यातल्या सगळ्यांना कर. चूक आपली, बदलून आपण देऊ. बाईंना पहिलाच फोटो ठेवायचा असेल तर तो त्यांचा प्रश्न. पण आधी आजींचे हे.”

तिने फाइल समोर घेतली, आणि आता तिलाही ते दिसलं. आत गेलेले गाल, अरुंद कपाळ. एका भल्या माणसाला तिने आपल्या हाताने पुन्हा आजारी पाडलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली, पण लाजत बसायला वेळ नव्हता. केलेली ओढ तिने काढून टाकली. धूळ तेवढी पुसलेली ठेवली. गालांना बोट लावलं नाही.

“आजी, इकडे या. माझ्या खुर्चीत बसा.”

आजी बसल्या. पडद्याला नाक लागेल इतक्या पुढे वाकल्या, मग मागे टेकल्या. धाकटीने पसंत पडला का, असं विचारलं नाही. या वेळी तिला खात्री होती.

“हं,” आजी म्हणाल्या. “आत्ता कसे, पोटभर जेवून उठलेत.”